तळेगावचा थांबा

जैसलमेरच्या वाळवंटातून निघालेल्या आचलला केरळ गाठायला अजून सहा दिवस लागणार होते. पाठीवर एक बॅग आणि मिळेल तो ट्रक, असा तिचा प्रवास चालला होता. दुपारी ड्रायव्हरनं संत्री घ्यायला विदर्भातल्या तळेगावला गाडी थांबवली आणि ती सीटवर खाली सरकली. चार वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून ती याच गावातून पळाली होती.

तरी तिला राहवलं नाही. तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळून ती खाली उतरली. संत्र्यांच्या दुकानावर तिची आई सखूबाई बसली होती. मागे मोठा भाऊ दुर्गेश पेट्यांना खिळे ठोकत होता. दिसलीस तर पाय तोडीन, असं त्यानं तिला फोनवर बजावलं होतं.

"एक किलो द्या," आचल आवाज बदलून म्हणाली.

"कोठं चालली व माय?" सखूबाईनं तोलता तोलता विचारलं.

"केरळात. समुद्र पाहायला."

"माही पोरगी बी अशीच फिरून राह्यली म्हन्तात. रस्त्यात भेटली त सांगजो तिले, बाबा दिवाळीत गेले. मरेपर्यंत तिलेच बलावत होते."

दुर्गेशची हातोडी थांबली. "माय, काऊन कोनालेही सांगत बसतं?"

सखूबाईनं पिशवी पुढे केली आणि पिशवीखाली आचलची बोटं घट्ट आवळून धरली.

"अन् तिले म्हनजो, घरी येऊ नको," ती म्हणाली. "जाय तू आता. गाडी सुटंन."