कजाग आत्या

आमच्या लाडक्या मालिकेवर गदा आली, तेव्हा इमारतीतल्या आम्ही सगळ्याजणी पदर खोचून उभ्या राहिलो. फोन करकरून चॅनेलवाल्यांना नको जीव केलं आणि मालिका वाचवलीच!

संध्याकाळी बेल वाजली. मालिकेत कजाग आत्याचं काम करणारी बाई दारात उभी होती. राहते आमच्या शेजारच्याच घरात. पण पडद्यावर भाचसुनेला छळते म्हणून आम्ही कुणीच तिच्याशी बोलत नसू, लिफ्टमध्येही तोंड फिरवायचो.

"ताई, तुमच्यामुळे माझं काम टिकलं," ती हात जोडून म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?" मी तोंड उघडलं, पण तिचं खरं नावच मला ठाऊक नव्हतं.



"सांगा, कजाग आत्या आलीय," तीच हळूच म्हणाली.