व्यवसाय: कवळ्या बनवणे

व्हिसाच्या सल्लागारानं सवयीनं 'व्यवसाय' या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं, तेव्हा तिनं टेबलावरून हात लांब करून त्याच्या हातातलं पेन धरलं.

"ते खोडा," ती म्हणाली. "कवळ्या बनवते, असं लिहा."

नवरा हसला. सल्लागारही हसला, कारण सात वर्षं तो हाच अर्ज डोळे झाकून भरत आला होता. नवऱ्याची डेंटल लॅब, बायको नवऱ्यावर अवलंबून, बायकोचं उत्पन्न काही नाही. व्हिसा दर वर्षी बिनबोभाट वाढून मिळत होता.

ती हसली नाही.

दंतवैद्यांकडून मापं आणायची, तयार माल पोचवायचा आणि बिलं करायची, हे नवऱ्याचं काम. मागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा रंग जुळवायचा, कड न कड घासून गुळगुळीत करायची, हे तिचं. परक्या मुलखातली कितीतरी म्हातारी माणसं तिच्या हातच्या दातांनी जेवत होती. तिनं काम करायला सरकारची बंदीही नव्हती. फक्त कर भरायची वेळ आली की सगळी कमाई नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर लागायची.

यंदा सात वर्षं पूर्ण झाल्यामुळे तिला स्वतःच्या नावानं अर्ज करता येत होता. त्यासाठी मागच्या तीन वर्षांचा कर तिच्या नावानं भरलेला हवा होता. सल्लागारानं तिला समजावून पाहिलं. नवऱ्याची तीन वर्षांची जुनी विवरणपत्रं उकरावी लागतील, दंड बसेल, शंभर प्रश्न विचारतील. सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा?

"नऊ दिवसांत तुमची मुदत संपतेय, वहिनी. व्हिसावाले नाही म्हणाले, तर परत जावं लागेल."

"जाईन. दात तिकडेही पडतात."

नवऱ्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. घरात काय कमी पडलं, आपण माझं-तुझं कधी केलं का, असं तो हळू आवाजात विचारू लागला. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. मग तिनं आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. मागच्या हिवाळ्यात तो छातीत दुखून चार दिवस दवाखान्यात होता, तेव्हा ती व्हिसा कार्यालयात गेली होती. हे गेले तर मी इथं राहू शकते का, असं तिनं विचारलं होतं. खिडकीतल्या बाईंनी तिचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. ती कुणावर अवलंबून आहे तेवढंच त्या कार्डावर होतं.

"तुम्ही आत नळ्या लावून पडला होतात," ती म्हणाली, "आणि मी बाहेर तुमच्यापेक्षा माझ्या कार्डाला घाबरले होते. मला परत तसं घाबरायचं नाही."

नवऱ्यानं दंडाचं काय, एवढंच विचारलं.

"दंड मी भरते. पावती माझ्या नावाची घ्या."

बायको लॅबमध्ये काम करते, असं नवऱ्यानं लिहून द्यायला हवं होतं. सल्लागारानं कागद पुढं सरकवला. नवऱ्यानं तो दोनदा वाचला, आणि ही घाई नको, पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. तिनं वाद घातला नाही. सोमवारी द्यायच्या अकरा कवळ्या तशाच मेणात आहेत, त्या मग तुम्हीच पुऱ्या करा, असं सांगून ती उठली आणि पर्स खांद्याला लावली.

त्यानं सही केली. सहीखाली तारीख घालायला तो विसरला होता. ती तिनं उभ्या-उभ्याच घालायला लावली.

सल्लागारानं तिच्या अर्जातली 'गृहिणी' दोन रेघांनी खोडली, वर नवे शब्द लिहिले आणि नवऱ्याचा अर्ज ओढून घेतला. तिथं एक रकाना उरला होता. तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती किती? नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. सल्लागारानंही पाहिलं.

"शून्य," ती म्हणाली. "आकड्यात लिहा आणि अक्षरीही लिहा."