स्वस्तिकाखालचा नंबर

“हे पुसू नकोस गं. आणि माझ्यामागं घराला जप.”

दसऱ्याला आणलेल्या नव्या एक्झॉस्ट फॅनवर बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढताना सासूबाईंनी वृंदाकडून दोन्ही वचनं घेतली होती. संक्रांतीआधीच त्या गेल्या. स्वस्तिक तेवढं राहिलं.

आज नवऱ्याचा फोन आला. “अगं, कंपनी असले फॅन परत मागवतेय. मोटर पेट घेते म्हणे! आपला त्यातलाच का, लेबलावरचा नंबर वाच बघू.”

“त्यावरच आईंचं स्वस्तिक आहे हो.”

त्यानं विचारलं, “मग राहू दे?”

वृंदानं बटण बंद केलं. स्टुलावर चढून हात जोडले. “आई, दोन्ही वचनं नाही पाळता येत. रागावू नका.”

ओल्या बोटानं तिनं कुंकू टिपलं, आपल्या कपाळी लावलं आणि नंबर वाचू लागली.