दुसरी भाकरी

चौगुलेकाकूंनी आणलेलं पिठलं इंदुमतीबाईंना फार चवदार लागलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. दुपारीच त्यांच्या नवऱ्याला अग्नी देऊन माणसं परतली होती. घरात चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारून कडू घास आला होता. तो नुसता तोंडाला लावून ताट सारायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हात दुसऱ्या भाकरीकडे गेलाच. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"रेणू, माझ्या मानेवरची ही चकती काढ," त्या मुलीला म्हणाल्या. ताण वाढवणारी संप्रेरकं दाबून दुःख जाणवू न देणारी ती चकती रेणूनेच दवाखान्यात त्यांना चिकटवली होती.

"नको, आई. डॉक्टर म्हणालेत, मध्येच काढली तर सगळं एकदम अंगावर येईल. तुझं हृदय आधीच नाजूक आहे."

"अगं, माझा माणूस गेला, आणि मला लोणचं हवंसं वाटतंय!"

रेणूने हात धरायच्या आत त्यांनी नखांनी चकती ओरबाडून काढली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग दाराशी नवऱ्याच्या चपला दिसल्या, आणि त्यांनी असा हंबरडा फोडला की चौगुलेकाकूंनी धावत येऊन त्यांना कवेत घेतलं.

"रेणू, तुझे बाबा गेले गं!"

रेणू पिठल्याच्या भांड्यावर वाकली होती. वेणी पुढे ओघळल्यामुळे तिच्याही मानेवरची चकती दिसत होती.

"हो गं, आई," ती मायेने म्हणाली. "ही भाकरी तू आता खाणार नाहीस ना?"