ऐंशी की एकशे वीस

लेझर चष्मे बनवणारी कंपनी बंद पडल्यापासून त्यांना लागणारं ड्रायव्हर सर्किट लोक घरीच बनवत. हेमांगीने आत्यासाठी बनवलेला ड्रायव्हर चिंचोक्याएवढा होता. तो चष्म्याच्या काडीत बसे आणि लेझर डायोडला ठरलेला करंट पुरवी. डायोड नजर गेलेल्या डोळ्याच्या पडद्यावर चित्र उमटवी.

लेझर डायोड जळू नये म्हणून आधी साध्या डायोडांच्या माळेवर ड्रायव्हरची चाचणी झाली होती. करंट ठरवणारा रेझिस्टर तेवढा सोल्डर करायचा राहिला होता.

"ऐंशी मिलिअँपिअरला डायोड दहा वर्षं टिकेल," हेमांगी म्हणाली, "पण नुसते आकार दिसतील. एकशे वीसला चेहरे दिसतील, सहाएक महिने. दुसरा डायोड आता मिळत नाही."

"मग कमीजास्त करायचं बटण बसव की. एवढी शिकलीस ती कशाला?"

"जागा नाही गं, आत्या. आणि बटणाच्या आतला संपर्क क्षणभर सुटला तरी डायोड जळतो."

आत्याच्या मांडीवर तिची तान्ही नात हातपाय झाडत होती. ती कोणावर गेली, यावरून घरात रोज वाद होई.

"ऐंशीच ठेव," आत्या म्हणाली.

"आणि हिचा चेहरा?"

"तो बदलतच राहणार. उद्या रांगत जिन्याकडे निघाली, तर ते मला दिसायला हवं."

हेमांगीने रेझिस्टर जोडला आणि चष्मा आत्याच्या डोळ्यांवर चढवला.

करड्या उजेडात मांडीवरचा लहानसा आकार हलला. त्यातून एक हात वर आला. आत्याने तो पहिल्याच खेपेला अचूक धरला.