कणसांची दोरी

दार ते गोठा, बत्तीस पावलं.

अक्रोडाखालचा पाचोळा कुरकुरतो. सफरचंदाखालचा नुसता दबतो.

डाव्या डोळ्यात दुधाळ उजेड. उजव्यात तोही नाही.

लेकीचा फोन: शुक्रवारी येते. किती दिवसांसाठी, ते ती बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही.

मक्याची कणसं दोरीवर वाळत घालतात. पण कमरेएवढ्या उंचीवर दोरी कोणी बांधत नाही.

म्हाताऱ्याने बांधली होती. पेरणीनंतर नजर झपाट्याने उतरली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारापासून थेट गोठ्याच्या खांबापर्यंत. लेक यायच्या आदल्या दिवशी त्याने दोरीवर कणसं लटकवली. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असावं म्हणून.

कारण उन्हाळ्यात ती फोनवर म्हणाली होती, डोळ्यांनी दगा दिला तर लपवायचं नाही, मी येऊन तुम्हाला उचलून घेऊन जाईन. उचलून कुठे, तर शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत, जिच्या खिडकीसमोर भिंत होती. तो तिथे एकदाच राहिला होता. चौथ्या दिवशी जिन्यात जाऊन बसला, तिथे निदान वारा लागायचा.

शुक्रवारी आल्या आल्या ती सामान ठेवायला माळ्यावर तीनदा चढली-उतरली. मग दोघं सफरचंदं निवडायला बसली. तो एकेक फळ तळहातावर फिरवायचा, मऊ लागलं की बाजूला. ती डोळ्यांनी निवडायची आणि दोनदा चुकली. शहरात राहून तुझे हात बथ्थड झाले, असं तो म्हणाला तेव्हा ती थोडीशी हसली. बियाण्याचं पाकीट त्याने तिच्याकडून वाचून घेतलं, बारीक छापणाऱ्यांना चार शिव्या हासडून. जेवताना तिने स्वतःचं काही काढलं नाही. त्यानेही खोदून विचारलं नाही. न जाणो, विषय फिरत फिरत आपल्यावर यायचा.

असे तीन दिवस निभले.

सोमवारी सकाळी तो दुधाचं भांडं घेऊन दाराबाहेर आला. डावा हात सवयीने पुढे गेला.

काही लागलं नाही.

पुन्हा चाचपलं. हवा.

"कणसं उतरवली मी," अक्रोडाच्या बाजूने लेक म्हणाली. "कधीची वाळली होती. दोरी गुंडाळून आत टांगलीय. वाटेत उगाच अडचण."

तिच्या खराट्याचा आवाज थांबला. म्हणजे ती बघत होती.

एक. दोन. तीन. चार.

पाचव्या पावलाला पाचोळा कुरकुरायला हवा होता. कुरकुरला नाही. तोही तिने लोटून नेला होता. आता अंगणात त्याच्या ओळखीचं काही उरलं नव्हतं. तो थांबला, मान वर केली आणि आभाळाकडे बघत असल्यासारखा म्हणाला, वारा फिरलाय, यंदा थंडी लवकर पडणार.

गोठ्यातून शेळी ओरडली. तिला उशीर खपत नसे. आवाज जरा उजवीकडून आला.

त्याने पाय उजवीकडे वळवला. अकरा. बारा. बत्तीस झाली तरी खांब आला नाही. भीतीने पावलं आखूड पडत होती. छत्तिसाव्याला खांद्याला लाकूड घासलं. तो खांबाला रेलून उभा राहिला, मुद्दामच रेलल्यासारखा. शर्ट पाठीला चिकटला होता.

तो शेळीशेजारी बसला. बोटं सराईत चालू लागली. दूध काढायला डोळे कोणालाच लागत नाहीत.

लेक गोठ्याच्या दारात आली.

"बाबा, मी राहू का इथे? हिवाळाभर?"

भांड्यात धार वाजत राहिली. हिवाळाभर म्हणजे शंभर सकाळी. आजची एक कशीबशी निभली होती.

"कशाला?" तो म्हणाला. "तुझं तिथे छान चाललंय. इथे तू म्हणजे नुसती माझ्या पायात पाय."

थट्टेतच म्हणाला. ती हसेल म्हणून थांबला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, दुपारची बस अजून असते का.

बस फाट्यावर थांबायची. सामान ढकलगाडीवर चढवलं. ती पुढून ओढत होती, तो मागून ढकलत होता. अशाने वाट चुकायचा प्रश्नच नव्हता. सफरचंदांची गोणी आणि दोन भोपळे त्याने स्वतः ठेवले होते, बाकीचं तिने ठेवलं. गाडी चांगलीच जड लागत होती. एक भोपळा पुरला असता, त्याला वाटलं.

कंडक्टरला टपावर चढावं लागलं. "ताई, अख्खं घर उचलून आणलंत की काय?"

"माझे भोपळे आहेत ते," म्हातारा आवाजाच्या दिशेने म्हणाला आणि हसला.

लेकीने वाकून त्याच्या पायांना हात लावला. मग शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. म्हणाली, थंडी पडेल म्हणालात ना.

बस गेल्यावर त्याने रिकाम्या गाडीचं चाक चाकोरीत घातलं. चाकोरी घरीच येते. शेतात कोणी नव्हतं. पानं गळत होती, एखादं डोक्यावर पडलं की तेवढं कळायचं. लपवलेलं लपलं होतं, शेत त्याचं राहिलं होतं, आणि अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं की आपण अजूनही पाय मोजून टाकतोय.

लेक शेतावर आली तो शुक्रवार. शहरातली खोली रिकामी करून किल्ली तिने मालकाच्या हातात दिली, ती त्याआधीच्या मंगळवारी.