शेडात काय ठेवता?

"सर, शेड हा शब्द कुठून आला हो?"

हिमानीनं विचारलं आणि मागच्या बाकावर पुष्पांजलीनं ओढणी तोंडात कोंबली. पैज मैत्रिणींनीच लावली होती. इंग्रजीच्या सरांना एखाद्या शब्दाचं मूळ विचार, मग पाह्य, चाचणी विसरतात का नाही!

सर खरंच विसरले. पार खुलले. "इंग्रजीत सावलीला जो शब्द आहे ना, त्याचाच हा भाऊ, असं म्हणतात. उन्हातून आलेल्यानं टेकावं, एवढंच त्याचं काम. मग लोक त्यात सामान टाकू लागले, ढोरं बांधू लागले. बरं, तुमच्या शेडात काय ठेवता?"

"सोयाबीन!"

"फवारणीचा पंप!"

"आमची म्हैस, सर!"

"आमचे आबा! आजीसंगं भांडले की!"

वर्ग खदखदला. सरही हसले. "आणि प्रश्न विचारणारी?"

हिमानीच्या घरामागच्या शेडात सकाळपासून दीपमाला वहिनी बसली होती. पाळी आली की तिला चार दिवस तिथंच. हिमानीला नाही. "दहावीचं वर्ष हाय. शिकती पोरगी, तिले कायले बसवता?" असं बाबाच म्हणाले होते. मग वहिनीले काऊन, हे हिमानीनं विचारलं नव्हतं. तिला तेव्हा नुसतं बरं वाटलं होतं.

"कुटार, सर," ती म्हणाली. "ढोरांसाठी."

चाचणी टळली. सुटीत मैत्रिणींनी तिला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. तिला हसू येईना.

संध्याकाळी आईनं तिच्या हातात ताट दिलं. "दुरूनच ठेवजो. शिवू नको."

पत्रे अजून तापलेलेच होते. वहिनी कुटाराच्या ढिगाला टेकून पदरानं वारा घेत होती. ताट पाहून सावरून बसली.

"हिमानीताई, आज चाचणी होती ना तुमची?"

"नाही झाली. सर एका शब्दाचा अर्थच सांगत बसले."

"कोणत्या?"

हिमानीनं वाकून ताट जमिनीवर ठेवलं आणि बोटानं पुढं सरकवलं. हाताला तशीच सवय होती.

"असाच एक."

"मले बी सांगत जा ना वं," वहिनी हसली. "दिवस सरत नाही इथं."

वर न बघता हिमानी घरात आली. बाबा जेवत होते, आई भाकरी थापत होती.

"आई, बाबा, पुढच्या वेळेपासून मी बी वहिनीसंगं तिथंच बसन. चारही दिवस."

आईचा हात परातीतच थांबला. "येडी झाली का तू?"

"अन् बोर्डाचा पेपर आला त?" बाबांनी विचारलं.

"त बुडन," हिमानी म्हणाली.